बोटीचं मीटर पॅनेल उन्हाने आणि खाऱ्याने खाल्लंय : दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

हर्णेकर_पोरगा
नमस्कार मंडळी. आमची फायबरची मच्छीमारी बोट पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे वर ओढून शाकारलेली आहे. ३१ जुलैपर्यंत काम उरकायचंय. इंजिन ठणठणीत आहे, पण सुकाणूजवळचं मीटर पॅनेल पार गेलंय. काळं प्लास्टिक पांढुरकं पडून बोटाला भुकटी लागते, चावीच्या भोकापासून तडा गेलाय, टॅकोमीटरच्या (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या) काचेआड पाणी धरतं आणि ऑइल प्रेशरचा काटा मनाला येईल तिथे उभा राहतो. बाबा म्हणतात, तयार पॅनेल आणून बसवू. मला आहे तेच नीट करावंसं वाटतं. जाणकारांनी सांगा.

खाडीकाठचा_वायरमन
दादा, मीटर बसवलेल्या प्लास्टिकच्या पाटीचं नंतर बघू. आधी एक सांगा, ऑइलचा काटा एकटाच हलतो की सगळे काटे एकदम हलतात? सगळे एकदम हलत असतील तर पॅनेलचा सप्लाय किंवा निगेटिव्ह कुठेतरी ढिला आहे. फायबरच्या बोटीत सेन्सरची अर्थ इंजिन ब्लॉकमधूनच येते, म्हणून ब्लॉकवरचा निगेटिव्ह बोल्ट काढून घासून परत आवळा. एकटाच हलत असेल तर त्याची वायर नाहीतर सेन्सर.

काहीही सुटं करण्याआधी पॅनेलच्या मागचे फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. स्टॉपच्या वायरीकडे खास लक्ष द्या. काही इंजिनांत सोलेनॉइडला (इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याला) करंट दिला की इंजिन बंद होतं, काहींत करंट तोडला की. तिथे अदलाबदल झाली तर भर समुद्रात इंजिन बंदच होणार नाही.

हर्णेकर_पोरगा
एकटाच हलतो. वायरचं टोक हिरवं झालंय.

खाडीकाठचा_वायरमन
मग आवरण थोडं मागे सोलून बघा. तांबं काळं दिसलं तर आणखी मागे सोला. खारं पाणी आवरणाच्या आतून चढत जातं, नुसतं टोक कापून भागत नाही. लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा; लागलंच नाही तर पूर्ण वायर बदला, आणि ती टिन्ड कॉपरचीच, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या. वायरच्या टोकाचं थिंबल चांगल्या क्रिम्परने दाबा, वरून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

सेन्सर बदलताना मात्र मीटरशी जोडी जमतेय का ते बघा. युरोपियन पद्धतीचा ऑइल सेन्सर साधारण १० ते १८० ओहमचा असतो, अमेरिकन २४० ते ३३ चा. चुकीची जोडी लावली तर काटा उलटा चालतो, प्रेशर शून्य असताना भरपूर दाखवतो. इंजिन बंद असताना सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा, कोणता आहे ते कळेल. १२ व्होल्ट की २४ व्होल्ट तेही मीटरच्या पाठीवर वाचून घ्या.

यार्डातली_ताई
पाटीबद्दल मी सांगते. ते प्लास्टिक उन्हाने मेलंय, रंग मारला तरी तडा पुढे सरकणारच. प्लायवूड नको, भोकांच्या कडांतून पाणी पितं. एसीपी शीटही (दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली) नको, कापलेल्या कडेचं ॲल्युमिनियम खाऱ्याने फुलतं. यार्डातल्या फायबरवाल्याला सांगा, काचेवर जेलकोट मारून चार-पाच मिलिमीटरची सपाट पाटी घालून देईल. बोटीच्याच मालाची होईल आणि स्वस्तात पडेल. छोट्या मीटरची भोकं बहुधा ५२ मिलिमीटरची आणि टॅकोची ८५ ची असतात, पण आपली मापं घेऊनच होल सॉ चालवा.

पाटी बसवताना आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर मागून घ्या. पुढे ॲक्रिलिकची झडप असेल तर तिला थिनर, पेट्रोल लावू नका, बारीक तडे पडतात. पाणी लावून ८००, १२००, मग २००० नंबरचा पॉलिशपेपर आणि शेवटी पॉलिश, एवढ्याने ती बरीच निवळते.

हर्णेकर_पोरगा
ताई, खूप आभार. आणि टॅकोमीटर? उघडून सुकवू का?

यार्डातली_ताई
त्याची कडी दाबून बसवलेली असते. उचकटली की परत तशी बसत नाही, पुन्हा पाणी शिरतं. तो नवीनच घ्या. त्यातच तास मोजणारं मीटर असेल तर जुना आकडा वहीत लिहून ठेवा, ऑइल बदलायचा हिशोब त्यावरच चालतो.

मालवणचो_मिस्त्री
तयार पॅनेलबद्दल बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. यानमार किंवा व्होल्वो पेंटा असेल तर प्लगला प्लग जुळतो. ट्रकचं इंजिन मरीन करून बसवलेलं असेल तर मात्र तयार पॅनेल घेऊनही सगळ्या वायरी नव्याने जुळवाव्या लागतात, पैसे फुकट.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा, धोक्याचा इशारा देणाऱ्या बझरचा. चावी ऑन केली आणि इंजिन बंद आहे, तर ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे आणि बझर वाजलाच पाहिजे. मग ऑइल स्विचची वायर सोडवून बझर गप्प करा आणि टेंपरेचर स्विचची वायर काढून ब्लॉकला टेकवा, तिथेही वाजायला हवा. जाळं ओढताना तांडेलाची नजर पाण्यावर असते, काट्याकडे कोण बघतो? ही तपासणी पाटी घालायला देण्याआधी करा, बझर नवीन बसवावा लागला तर त्याचं भोक त्याच वेळी पाडता येईल.

समुद्राच्या पाण्याचा पंप असेल तर वर ओढलेल्या बोटीत इंजिन कोरडं चालवू नका, रबरी इम्पेलर जातो. टॅको बोट उतरवल्यावर सेट करा. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर (फेऱ्यांचा सिग्नल देणाऱ्या टोकावर) चालणारा असेल तर क्रँक पुलीला चमकती पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने आरपीएम जुळवून घ्या. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कुणाला बंद करू देऊ नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

हर्णेकर_पोरगा
ट्रकचंच इंजिन आहे काका. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते पाटी घालून घ्यायला तयार झाले. उद्या चावी ऑन करून आधी बझर बघतो आणि इथे कळवतो.