साधी सर्दी की न्यूमोनिया? लहान मुलांमध्ये फरक कसा ओळखावा?

प्रश्न:
माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. पावसाळा लागल्यापासून तिची सर्दी पुरती बरी होत नाही. नाक गळते, अंगात कणकण असते आणि रात्री घरघर ऐकू येते. सासूबाई म्हणतात की कफ आहे, सुटेल. मला मात्र न्यूमोनियाची धास्ती वाटते. डॉक्टरांकडे केव्हा धावावे, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

प्रतिसाद १:
ताई, केवळ घरघरीवरून अंदाज बांधू नका, कारण नाक चोंदले तरी तसाच आवाज येतो. मुलगी शांत किंवा झोपलेली असताना झबले वर करून पोटाकडे पाहा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या सुईणींनाही न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यामुळे आईला हे जमेल की नाही, अशी शंका मनात आणू नका.

प्रतिसाद २:
श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा कितीही येवो, थांबू नये. ओठ निळसर दिसणे, दूध-पाणी न घेणे, सगळे उलटून टाकणे, झटके येणे किंवा हलवूनही नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्रीच रुग्णालय गाठावे. माझ्या मुलाला मध्यरात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला होता. तो क्रूप, म्हणजे स्वरयंत्र आणि श्वासनलिकेला सूज येण्याचा आजार निघाला. त्यात मूल शांत असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज येत असेल, तर तो धोका समजावा. श्वास सोडताना वारंवार शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.

प्रतिसाद ३:
मेडिकलमधून परस्पर खोकल्याचे सिरप आणू नका आणि घरात उरलेले अँटिबायोटिक तर मुळीच देऊ नका. नाकात सलाइनचे थेंब आणि अंगावरचे दूध चालू ठेवा. लसीकरण कार्डावर न्यूमोकोकल (न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या) लसीचे तिन्ही डोस आहेत का, तेही पाहा. ती सरकारी केंद्रात मोफत मिळते.

प्रश्नकर्ती:
आत्ताच झोपेत मोजले, ३२ भरले. छातीही आत ओढली जात नाही. कार्डावर मात्र नऊ महिन्यांचा डोस नोंदलेला नाही, त्याविषयी उद्या आशाताईंना विचारते.