मदत हवी आहे: जॅग्वार डी-टाइपच्या मालकांची साखळी कशी पडताळायची?

मंडळी, जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या कागदपत्रांतलं कळणारं कुणी आहे का इथे? विशेषतः यूकेत राहणारं?

मी जॅग्वार डी-टाइप या जुन्या रेसिंग गाडीचा, चॅसी क्रमांक एक्सकेडी 501 चा इतिहास जुळवतोय. 1955 मध्ये ही गाडी एडिनबरोच्या एकुरी एकॉस या खासगी संघाकडे गेली. 1956 ला रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन यांनी तिच्यावर ल माँ ही फ्रान्समधली 24 तासांची शर्यत जिंकली. जॅग्वारच्या स्वतःच्या संघातल्या दोन गाड्या सुरुवातीलाच बाद झाल्या आणि निळ्या रंगाची ही पाहुणी जिंकली! पुढे ती संघाचे आर्थिक पाठीराखे मेजर थॉमसन यांच्याकडे गेली. ऑगस्ट 2016 मध्ये आरएम सदबीजच्या माँटेरे लिलावात तिला 2 कोटी 17 लाख 80 हजार डॉलर मिळाले.

अडचण मधल्या वर्षांची आहे. जॅग्वारच्या हेरिटेज सर्टिफिकेटवर इंजिन क्रमांक, मूळ रंग, पहिला विक्रेता मिळतो, पण नंतरचे मालक त्यात नसतात. लिलावाच्या कॅटलॉगवर एकट्यावर माझा भरवसा नाही, विकणाऱ्याचीच बाजू ती.

गाडीचा नंबर एमडब्ल्यूएस 301, म्हणजे नोंदणी एडिनबरोची. तिथली जुनी नोंदणी रजिस्टरं कुठल्या अभिलेखागारात पाहता येतात? बाहेरच्या माणसाला दाखवतात का? आणि जुन्या लिलावांच्या आकड्यांत खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नुसती हातोड्याची (हातोडा पडताना लागलेली शेवटची) बोली आहे, हे कसं ओळखायचं?