सरासरीने न जाणारी चूक

सर्व्हरकडून वेळेचे अधिक नमुने घेऊन सरासरी काढली की संगणकाच्या घड्याळातली चूक निघून जाईल, असे एक मत आहे; ते मला पटत नाही, कारण एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) संदेशाला सर्व्हरकडे जायला आणि परत यायला लागणारा वेळ समान धरते आणि तफावतीचा निम्मा भाग थेट वेळेत शिरतो. घरच्या एडीएसएलवर (टेलिफोन तारेवरच्या इंटरनेटवर) रात्री फोटो अपलोड होऊ लागले की जाणाऱ्या संदेशांना उशीर होई आणि घड्याळ हटकून पुढे सरके. जायला ५० आणि यायला १० मिलिसेकंद लागले, तर घड्याळ २० मिलिसेकंद पुढे जाणारच. एनटीपीडी या एनटीपी चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील ‘हफ-पफ’ गाळणी ठरावीक काळातील, सहसा ७२०० सेकंदांतील, जाण्यायेण्याचा किमान विलंब लक्षात ठेवते आणि त्याहून वाढलेल्या विलंबाचा निम्मा भाग सर्व्हर व आपल्या घड्याळातल्या मोजलेल्या फरकातून वजा करते (फरक ऋण असल्यास मिळवते). जाण्यायेण्याच्या वेळांतली कायमची विषमता मात्र त्या किमान विलंबातच दडलेली असल्याने ती वेगळी मोजून क्रोनी या दुसऱ्या एनटीपी प्रोग्रॅमच्या ‘ऑफसेट’ (वेळेतली दुरुस्ती) पर्यायात हाताने भरावी लागते.