डेकखाली जुना सेफ्टी टँक निघालाय, झाकून टाकू का?

तगर_नाशिक: नमस्कार मंडळी. आमचा नाशिकचा बंगला जुना, सासऱ्यांनी बांधलेला. मागच्या अंगणात डब्ल्यूपीसीचा (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या फळ्यांचा) डेक करायचा म्हणून शहाबादी काढायला घेतली तर खाली दोन चेंबर आणि सेफ्टी टँकचा स्लॅब निघाला. महापालिकेचं ड्रेनेज कनेक्शन घेऊन खूप वर्षं झाली, पण तेव्हा टाकीचं काय केलं ते घरात कुणालाच माहीत नाही, सासरेही आता नाहीत विचारायला. एका चेंबरवर कडप्पा आहे तोही तडकलेला. फॅब्रिकेटर म्हणतो, "वहिनी वरून फ्रेम टाकू, काही होत नाही." खरंच चालेल का?

साइटवाला: त्याला काय, तो पैसे घेऊन जाणार, तुंबल्यावर तुम्ही बघा. आधी चालू काय आणि बंद काय ते शोधा. दोन्ही चेंबर उघडे ठेवून संडासात रंग टाकून फ्लश करा, होळीचा उरलेला चालतो, मग किचन आणि बाथरूमचं पाणी वेगवेगळं सोडून बघा. कनेक्शन घेतलंय म्हणजे टाकी बंद झाली असं धरू नका हां, बऱ्याच ठिकाणी प्लंबर खोदकाम वाचवायला टाकीचं आउटलेटच पालिकेच्या लाइनला जोडून मोकळा होतो, म्हणजे संडास अजून टाकीतच आणि कुणाला पत्ताच नाही.

माईंची_बाग: आमच्याकडे चालू चेंबर डेकच्या बरोबर मधे येत होता. त्याच्यावरच्या फळ्या वेगळ्या छोट्या फ्रेमवर घेतल्या, चार एसएस स्क्रू काढले की तेवढा तुकडा उचलला जातो. खाली कडप्प्याऐवजी घट्ट बसणारं फ्रेमचं झाकण घाला नाहीतर वास आणि झुरळं फळ्यांच्या फटीतून थेट चहाच्या टेबलाशी. आणि बाजूने उंदराची जाळी लावा पण हवा बंद करू नका. (डब्ल्यूपीसी उन्हात भयंकर तापतं, एप्रिलमध्ये अनवाणी जाऊन बघा एकदा.)

तगर_नाशिक: साइटवाला दादा, तुमचंच खरं निघालं. संडासाचा रंग चेंबरमध्ये आलाच नाही, टाकीचं झाकण सरकवलं तर टाकी भरलेली 😣 किचनचं पाणी मात्र दुसऱ्या चेंबरमधून सरळ जातंय. आता फॅब्रिकेटर म्हणतो माझा माणूस उतरून साफ करेल.

निवृत्त_ओव्हरसियर: अजिबात नको!! झाकण परत लावा, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस आत कोसळतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, उतरवणाऱ्यावर केस होते. पालिकेची सक्शनची गाडी बोलवा.

क्रम असा ठेवा. आधी संडासाची लाइन टाकीला वळसा घालून चालू चेंबरला जोडा, चार इंची पीव्हीसी, दर पाच फुटाला एक इंच उतार. वाटेत जुना चिनी मातीचा पाइप लागला तर तोही काढूनच टाका, त्याचे सिमेंटचे सांधे कधीच उघडे पडलेले असतात आणि झाडाची मुळं तिथूनच शिरतात. मग टाकी उपसा, स्लॅब आणि तळ ब्रेकरने वरूनच फोडा, तळ फोडला नाही तर पावसाळ्यात आत पाणी साठून राहतं. नंतर मुरूम थराथराने, पाणी मारून, धुमस करून भरा. नुसता राडारोडा ढकलू नका, पोकळ्या राहतात. डेकचे पाय मात्र भरावावर नकोत, टाकीच्या बाहेर कडक जमिनीत फुटिंग (खांबाचा पाया) घ्या.

तगर_नाशिक: म्हणजे डेक दिवाळीनंतरच?

निवृत्त_ओव्हरसियर: हो. एक पावसाळा भरावावरून जाऊ द्या, बसेल तेवढा बसेल, वर परत मुरूम टाका. तोवर खुर्च्या पुढच्या अंगणात.

साइटवाला: आणि भरायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीपासून टेपने माप धरून. पुढच्या प्लंबरला परत होळीचा रंग नको शोधायला.