मदत हवी आहे: मस्टँग जीटीला कोणता एअर इनटेक बसवू?

नमस्कार मंडळी. मी सॅन होजेत राहतो. गाडी 2016ची मस्टँग जीटी, 5.0 लिटर व्ही8. कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा देणारी नळी आणि फिल्टर) बसवायचाय. ताकदीपेक्षा मला तो आवाज हवाय, पेडल दाबल्यावर छातीत घुमणारा.

कॅलिफोर्नियात कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, असलेलाच इनटेक चालतो, नाहीतर स्मॉग चेकला (प्रदूषण तपासणीला) गाडी नापास. शिवाय ट्यून न करता, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग न बदलता, बसणारा हवा.

फिल्टर तेलाचा की कोरडा? मित्राने फिल्टर धुऊन तेल जरा जास्त लावलं, तर आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर चिकट थर बसला आणि सिग्नलला गाडी बंद पडायला लागली. म्हणून माझा कल कोरड्याकडे आहे. उघडा फिल्टर इंजिनचीच गरम हवा ओढतो, मग बंद डब्याचा घ्यावा का? कोणी स्वतः वापरला असेल तर ट्रॅफिकमधला अनुभव नक्की सांगा.