मदत हवी आहे: कुत्र्याची भीती हे अभिजात अभिसंधान की साधक?

नमस्कार मंडळी,

वाणिज्य शाखेतून थेट बीएच्या मानसशास्त्रात उडी मारली आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. अध्ययनाचं प्रकरण चालू आहे. पाव्लोव्हचं अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी जोडल्या जाऊन आपोआप होणारी प्रतिक्रिया) झालं, स्किनरचं साधक अभिसंधानही (परिणामांवरून वाढणारं किंवा कमी होणारं वर्तन) झालं, पण स्वाध्यायातल्या एका उदाहरणावर गाडी अडली आहे.

एका मुलाला गल्लीच्या कोपऱ्यावरचा कुत्रा चावतो. तेव्हापासून कुत्रा नुसता दिसला तरी त्याच्या छातीत धडधडतं. तो शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागतो. वर्ष उलटतं, कुत्रा पुन्हा चावत नाही, तरी भीती तशीच. हे कोणत्या प्रकारचं अध्ययन?

गाइडमध्ये उत्तर एका ओळीत उरकलंय: अभिजात अभिसंधान. मला पटत नाहीये. लांबचा रस्ता धरणं म्हणजे काही लाळ सुटण्यासारखी आपोआप होणारी गोष्ट नाही, मुलगा ते स्वतःहून करतो. शिवाय पाव्लोव्हच्या प्रयोगात मेट्रोनोमबरोबर अन्न मिळत गेल्याने कुत्र्याला नुसत्या मेट्रोनोमनेही लाळ सुटू लागते, पण पुढे अन्न न देता नुसताच मेट्रोनोम वाजवत राहिलं की लाळ कमी कमी होत जाते, म्हणजे विलोपन होतं. मग इथे चावा बंद होऊन वर्ष झालं तरी भीतीचं विलोपन का नाही?

जाणकारांनी कृपया सांगावं. पेपर पुढच्या आठवड्यात आहे.

प्रतिसाद १

गाइड बाजूला ठेवा हो. फक्त पेपर तपासणाऱ्यानेही तेच गाइड वाचलेलं नसावं, एवढी प्रार्थना करा.

प्रतिसाद २

मी हा विषय शिकवते. गाइडचं उत्तर अर्धं आहे. या उदाहरणात दोन्ही प्रकार एकापाठोपाठ येतात.

भीती *बसली* कशी, ते अभिजात. चावा हा अनभिसंधित उद्दीपक (न शिकताही प्रतिक्रिया घडवणारा), त्याच्याशी जोडला गेलेला कुत्रा हा अभिसंधित उद्दीपक आणि त्याला पाहून होणारी धडधड ही अभिसंधित प्रतिक्रिया. वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये छोट्या अल्बर्ट नावाच्या बाळावर केलेला प्रयोग याच साच्यातला: पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा.

लांबचा रस्ता मात्र साधक अभिसंधानात जातो. वळण बदललं की जीव भांड्यात पडतो. नकोशी अवस्था टळली, म्हणून ते वर्तन पक्कं झालं, हे ऋण प्रबलन. याला शिक्षा लिहू नका, दर वर्षी निम्मा वर्ग तेच लिहितो. शिक्षेने वर्तन कमी होतं, इथे ते वाढलंय.

आता विलोपन. अभिसंधित उद्दीपक समोर यायला हवा आणि अनभिसंधित येता कामा नये, तर विलोपन होतं. पाव्लोव्हचा कुत्रा मेट्रोनोम ऐकत होता. तुमचा मुलगा त्या कोपऱ्यावर गेलाच कुठे? वर्षभर चावला नाही हे खरं, पण ते त्याला अनुभवायलाच मिळालं नाही. मौरर यांनी 1947 मध्ये हीच सांगड घातली, तिला द्विघटक सिद्धान्त म्हणतात. अभ्यासक्रमात नसला तरी नाव लिहायला हरकत नाही.

भीती घालवायची तर टाळणं थांबवावं लागतं, पण एकदम नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला होता.

धागाकर्ता

ताई, खूप आभार! 'गेलाच कुठे' वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. एकच शंका: समजा काही काळाने धडधड थांबली, पण मुलगा सवयीने लांबूनच जातोय. मग भीतीतून सुटकेचा प्रश्नच उरत नाही. तरी वर्तन टिकेल?

प्रतिसाद २

टिकेल, आणि मौररवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. सॉलोमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत (1953) कुत्रे विजेचा धक्का टाळायला अडथळ्यावरून उडी मारायला शिकले. धक्का बंद केल्यावरही ते शेकडो वेळा उड्या मारत राहिले, तेही घाबरल्याची फारशी चिन्हं न दाखवता. पण पाच गुणांच्या उत्तरात यात शिरू नका. आधी भीती, मग टाळणं, मग विलोपन का नाही, एवढं क्रमाने लिहा. वेळ उरला तर पीटर.