आधी जाब आपल्या सरकारला

परक्या सरकारांवर टीका करण्यापूर्वी आपल्या सरकारला जाब विचारावा, हे मत मला पटते. कारण आपले सरकार आपल्या करांवर आणि मतांवर चालते, त्यामुळे त्याच्या चुकांत आपलाही वाटा असतो. २५ ऑगस्ट १९६८ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात ८ सोव्हिएत नागरिक आपल्याच सरकारच्या नेतृत्वाखाली चेकोस्लोव्हाकियावर झालेल्या आक्रमणाच्या निषेधार्थ बसले आणि काही मिनिटांतच पकडले गेले; व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकेचा निषेध करणे मात्र तेव्हा तिथे सुरक्षित होते, किंबहुना सरकारला ते हवेच होते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मात्र ‘आधी’ म्हणजे ‘आपले सारे सुधारेपर्यंत इतरांबद्दल गप्प राहा’ असा अर्थ कोणी काढत असेल, तर तो मला मान्य नाही, कारण मग परदेशातील पीडितांसाठी कोणीच कधी बोलू शकणार नाही.